खुरांचा नरसिंह

पुंगोल, सिंगापूर
१७ एप्रिल २०२५

वहिनी,

नमस्कार करते. मायना काय घालावा यावर दोन कागद वाया गेले, म्हणून हा तिसरा मायन्याशिवायच. फोन तुम्ही उचलत नाही आणि मीही आता लावत नाही. टपाल मात्र दारात येऊन पडतं. ते उचलावंच लागतं, निदान केर काढताना तरी.

भांडायला लिहीत नाही, कळवायला लिहिते. आपला नरसिंह माझ्याकडे आला.

तुमच्या कपाटातला नाही हो. तो तुमच्याजवळ सुखात असो. हे गेल्यावर सारंग मला इकडे न्यायला आला, तेव्हा मी सासूबाईंच्या देव्हाऱ्यातला नरसिंहाचा टाक मागितला होता. तुम्ही कपाटाला पाठ लावून उभ्या राहिलात. म्हणालात, "देव विमानात बसत नाहीत, अरुणा." त्यापुढे आपण दोघी जावा काय काय बोललो ते दोघींनाही पाठ आहे, त्यात शाई घालवत नाही. तेव्हापासून माझ्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण आहे, अन्नपूर्णा आहे, गणपती आहे, आणि मधली जागा मोकळी. सारंग म्हणाला होता, "आई, लिटिल इंडियात सोनार आहेत, नवा टाक करून घेऊ." त्याला काय सांगणार? जुन्या टाकाशेजारी रात्रभर ठेवून भेटवल्याशिवाय नवा टाक म्हणजे नुसता चांदीचा पत्रा. मी नवी नवरी असताना हे मला तुम्हीच शिकवलंत.

तर गेल्या शनिवारी, हनुमान जयंतीला, सकाळी भाजी घेऊन येताना देव भेटला. कुठे नि कसा ते पुन्हा कधी. वीतभर उंच, भाजक्या मातीचा, वर झिलई. हिरवा, मधाचा आणि साईचा असे तीन रंग एकमेकांत ओघळलेले. तोंड सिंहाचं, जबडा उघडा, डोळे असे की समोर उभं राहिलं की खोटं बोलवत नाही. खांद्यांतून ज्वाळा निघाल्यात. बैठक ताठ. घडण चिनी आहे, हे मलाही दिसतं. पण देव ज्या देशात जाईल तिथल्याच कुंभाराच्या हातून होणार ना? कादंबरीच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या, जुन्या ओढणीतून त्याला पितांबर शिवला. चांगला पायघोळ. हिशेबाच्या वहीत 'देव' म्हणून लिहिलं आणि रकमेच्या जागी रेघ मारली.

दुसरी बातमी. कादंबरीचे दिवस जुलैत भरतात. आपल्या घरात बाळाला नरसिंहाच्या पायांवर घातल्याशिवाय नाव ठेवत नाहीत. तुमच्या अनघाला, माझ्या सारंगला, दोघांनाही सासूबाईंनी तसंच घातलं. इथे जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारात दीड महिन्याच्या आत नोंदवावं लागतं, सरकार काही देवासाठी थांबत नाही. मला तीच काळजी होती. आता सोय झाली. कोणापुढे पदर पसरायची वेळ देवाने आणली नाही.

एवढंच कळवायचं होतं.

अरुणा

२ मे २०२५

वहिनी,

पहिलं पत्र पोचलं असेल. उत्तराची वाट पाहत नाही.

अक्षय्य तृतीया नीट झाली. आंबे इथे मिळतात, पण भाव ऐकून मी वास घेऊन परत ठेवते. दुकानदार तमिळ आहे, तो हसतो.

कादंबरीला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. रविवारी अचानक अंगावरून रक्त गेलं. सारंग तिला टॅक्सीने घेऊन गेला. घरात मी आणि देव. दिवा लावला आणि त्याच्यासमोर बसून राहिले. काय मागितलं ते लिहीत नाही, तुम्हाला समजेलच. संध्याकाळी फोन आला, बाळ ठीक आहे. तिला घरी आणली. आता ती पलंगावर पडून लॅपटॉपवर काम करते आणि मी ओरडले की म्हणते, "आई, बोटं तर हलवू द्या."

एक सहज विचारायचं होतं. आपल्या टाकावर नरसिंहाचे पाय कसे आहेत हो? इतकी वर्षं पूजा केली, पण कुंकवाखाली पाय कधी नीट पाहिल्याचं आठवत नाही. पंजे आहेत, की माणसाचे आहेत, की आणखी काही? आणि मुकुटाला वर दोन टोकं आहेत का, शिंगांसारखी?

जयंतीला फुलांची आरास करायची आहे, म्हणून विचारते. दुसरं काही कारण नाही.

अरुणा

१३ मे २०२५

वहिनी,

हे पत्र तुम्ही हसत वाचाल. हसा. मी तुमच्या जागी असते तर शेजारणीला बोलावून वाचून दाखवलं असतं.

परवा रविवारी नरसिंह जयंती केली. सूर्य मावळताना जन्म, म्हणून पाच वाजल्यापासून माझी धावपळ. पन्हं, वाटली डाळ, कलिंगडाच्या फोडी. कादंबरीला डॉक्टरांनी घरात हिंडायची मोकळीक दिली आहे, ती खुर्ची ओढून देव्हाऱ्याशी बसली होती. समोरच्या दारात लिम आंटी राहतात. नवरा नाही, मुलगी ऑस्ट्रेलियात. त्यांच्या नव्या वर्षाला त्या आम्हाला संत्री देतात, मी दिवाळीला चकल्या देते. आम्हा दोघींचं इंग्रजी मिळून एकीचंसुद्धा होत नाही, पण चालतं. त्याही मला आंटीच म्हणतात आणि वाक्याच्या शेवटी 'लाह' लावतात, आपल्या 'हो'सारखं. तर प्रसादाला त्यांना बोलावलं.

आंटी आल्या, हात जोडले, देवाकडे पाहिलं आणि हात तसेच राहिले. मग खाली वाकल्या आणि एका बोटाने पितांबर वर उचलला.

"ऐयो!" म्हणाल्या. "आंटी, दिस वन कॅनॉट! कॅनॉट पुट इनसाइड हाउस, लाह!" आणि माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "हू डाय?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण कादंबरीने पोटावर हात ठेवलेला मी पाहिला.

वहिनी, हा नरसिंह नाही. आंटींनी सांगितलं ते कादंबरीने मला मराठीत समजावलं: चिनी लोक फार पूर्वी मोठ्या माणसाला पुरायचे, तेव्हा थडग्याच्या दाराशी हा पहारेकरी ठेवायचे. आंटींनी प्रसाद घेतला नाही. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. दारातून मागे मागे गेल्या आणि पंधरा मिनिटांनी परत येऊन कादंबरीच्या हातात लाल दोरा बांधून गेल्या. रडवेल्या झाल्या होत्या.

आता सगळंच सांगते. देव 'भेटला' असं मी लिहिलं होतं. आमच्या ब्लॉकमागे एक मोठं झाड आहे. लोकांना घर बदलताना नको झालेले देव ते त्याच्या बुंध्याशी ठेवून जातात, कचऱ्यात टाकवत नाहीत म्हणून. तिथे हा एका फुटक्या राइस कुकरशेजारी बसला होता. फुकटची चांगली वस्तू मला पाहवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. उचलला, पिशवीत कोथिंबिरीवर ठेवला आणि घरी येईपर्यंत तो माझा नरसिंह झाला होता.

आणि पितांबर पायघोळ का शिवला? त्याला खूर आहेत. गाईसारखे, दुभंगलेले खूर. मला पहिल्या दिवशी धुताना दिसले. शिंगंही दिसली. मी शिंगांना फुलं बांधली आणि खुरांवर पितांबर सोडला. डोळ्यांना दिसत होतं, पण मनाने आधीच आरती सुरू केली होती.

रात्रभर कादंबरी झोपली नाही, असं मला वाटत होतं. सकाळी कळलं, ती छान झोपली होती, झोपले नव्हते ती मी. म्हणाली, "आई, तो बिचारा ड्यूटीवरच आहे. फक्त पत्ता चुकला." हसली. मला हसू येईना. एप्रिलमधल्या त्या रविवारी तिच्या अंगावरून रक्त गेलं ते हा घरात आल्यावर, हे माझ्या मनातून जाईना.

काल इथे बुद्धजयंतीची सुट्टी होती. सारंग म्हणाला, "चल, खात्री करू." मला नदीकाठच्या मोठ्या म्युझियममध्ये घेऊन गेला. तिकीट किती ते बोलला नाही, म्हणजे बरंच असणार. वरच्या मजल्यावर एका काचेत तोच बसलेला. माझ्याकडचा बाजारातली नक्कल आहे. हा खरा, तेराशे वर्षांचा, माझ्या कमरेएवढा उंच. तेच ओघळलेले रंग, त्याच ज्वाळा, तेच खूर. सारंगने पाटी वाचून मराठीत सांगितली. थडग्यात हे दाराकडे तोंड करून बसवायचे. बाहेरच्या चोराने आत येऊ नये म्हणून, आणि आतल्या मेलेल्याने उठून बाहेर भटकू नये म्हणूनही, अशी समजूत.

"म्हणजे दोन्हीकडून पहारा," सारंग म्हणाला.

मी विचारलं, "ह्याला नैवेद्य कोण दाखवायचं?"

"कोणी नाही ग. एकदा दार लिंपलं की लिंपलं."

माझ्याजवळ आता नरसिंह नाही. तुम्हाला आधी टेंभा मिरवून कळवलं होतं, म्हणून हेही कळवलं.

अरुणा

९ जून २०२५

वहिनी,

तुमचं कार्ड आलं. टपाल खात्याच्या शिक्क्यावरून दिसतंय की माझं खुरांचं पत्र तुम्हाला मिळायच्या आधीच तुम्ही ते टाकलंत. तीन वाक्यं. 'पंजे आहेत. नखं दिसतात. सुनेला उठू देऊ नकोस.'

मी ते देव्हाऱ्यात ठेवलंय, मधल्या जागेत. दुसरं ठेवायला काही नाही.

पहारेकऱ्याचं काय करायचं यावर घरात सभा झाली. पूजलेली वस्तू परत राइस कुकरशेजारी ठेवायला मन होईना. पाण्यात सोडावी तर इथे तळ्यात काही टाकलं की दंड. लिम आंटींना विचारलं, त्या म्हणाल्या कॅनॉट थ्रो, कॅनॉट कीप. मग मीच ठरवलं. इथल्या नव्या घरांत एक खोली जाड भिंतींची आणि लोखंडी दाराची असते. युद्ध झालं तर लपायला, बॉम्ब शेल्टर म्हणतात. सगळे लोक त्यात सुटकेसा ठेवतात, मी तांदूळ-डाळी ठेवते. खिडकी नाही, हवा नाही, दार लावलं की अंधार. तिथे तूरडाळीच्या डब्यासमोर, दाराकडे तोंड करून, त्याला बसवला. पितांबर काढून घेतला. खूर उघडे. आता तो बरोबर दिसतो. आंटी येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "ओके, लाह. हिअर ही गॉट जॉब."

डाळ काढायला गेले की त्याच्याकडे बघते. भीती गेली. एकच गोष्ट मनात घोळते. मातीखाली पुरायची वस्तू. पुन्हा कोणी बघणार नाही, हे म्युझियममधला खरा घडवणाऱ्या कुंभाराला ठाऊक होतं. तरी त्याने तीन रंग ओतले, एकेक ज्वाळा बोटांनी काढली, पाठीमागचे केससुद्धा कोरले. मी तर भिंतीकडची बाजू सारवायची राहिली तरी चालेल म्हणणारी. अंधारात ठेवायच्या गोष्टीला इतकं नीटस कोण करतं? ज्याला आत कोणीतरी आहे याची खात्री आहे, तोच.

आणि तो रविवार. रक्त गेलं त्याचं कारण डॉक्टरांनी सांगितलं, त्यात खुरांचा काही संबंध नाही. पण मी त्या दिवशी ज्याच्यापुढे बसून बाळ मागितलं तो हाच मातीचा पहारेकरी. ते कोणी ऐकलं? नरसिंहाने, की ह्याने, की दोघांनीही नाही? मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या बाईला एवढं कळत नाही. बाळ आहे, एवढं खरं.

नरसिंह कुठे प्रकटला? घरात नाही, बाहेर नाही, उंबरठ्यावर. आणि हाही उंबरठ्यावरचाच. मी चुकले, पण फार लांब नाही चुकले, असं वाटतं. तुम्ही म्हणाल, अरुणा आपली बाजू सावरते आहे. म्हणा.

अनघाशी काल बोलले. ती म्हणाली, तुम्ही रोज देवांना आंघोळ घालता, मोदक-पुरण सगळे कुळाचार एकट्याने करता, आणि मग नैवेद्याचं ताट शेजाऱ्यांकडे पाठवून स्वतः भात-ताक घेता. मला तिचा राग आला, तिने हे आधी का सांगितलं नाही म्हणून. मग वाटलं, मी कधी विचारलं होतं?

तुम्ही कपाटाला पाठ लावून उभ्या राहिलात ते चित्र मी इतकी वर्षं असं पाहत आले की तुम्ही मला आत येऊ देत नव्हतात. परवा डाळ काढताना उलट दिसलं. भाऊजी गेले, सासूबाई गेल्या, मग हे गेले. मी आणि सारंग तर बॅगा भरून दारातच उभे. घरातून सगळे जात होते आणि जाण्यासारखं आत एकच काही उरलं होतं. त्याच्या पुढे तुम्ही उभ्या राहिलात.

आता स्पष्ट लिहिते, कारण आडून लिहायला गेले की माझे देव बदलतात. बाळाला नरसिंहाच्या पायांवर घालायचं आहे. माझ्याकडे नरसिंह नाही. तुमच्याकडे आहे. टाक कुरियरने मागत नाही, माणसाबरोबर पाठवा असंही म्हणत नाही. तुम्ही या. तुमच्या हातांनी घाला. टाक परत घेऊन जा, मी कपाटाची किल्ली मागणार नाही.

तुम्ही म्हणाल, इथे शेजारी कोंबडी शिजते. खरं आहे. पण लिम आंटी आमच्या सणाला दाराला पडदा लावतात आणि पंखा उलटा फिरवतात. एवढं आमच्या कराडच्या बिल्डिंगमध्येही कोणी केलं नव्हतं.

पदर पसरायची वेळ आली नाही, असं एप्रिलमध्ये लिहिलं होतं. आली.

अरुणा

२१ जुलै २०२५

वहिनी,

मुलगी झाली, हे अनघाने तुम्हाला सांगितलंच. गेल्या सोमवारी पहाटे. नाक आपल्या घरचं, बाकीचं अजून ठरायचंय. रडते तेव्हा जबडा असा उघडते की सारंग म्हणतो, "आई, तुझा नरसिंह आला बघ." कादंबरी ठीक आहे. तुमच्या सांगण्याप्रमाणे उठू देत नाही, ती माझ्यावर चिडते, मी तुमचं कार्ड दाखवते.

घरात तिला सध्या 'बाळ' म्हणतात. दवाखान्यातल्या नर्सने नाव विचारलं. सारंगने सांगितलं, थोडं थांबा, मोठी आजी यायची आहे.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. नवा टाक कराडच्या सोनाराकडे करायला टाकलात, मला न विचारता. आणि जुना भेटवायला घेऊन येता, रात्रभर दोन्ही शेजारी ठेवायचे, मग जुना तुमच्याबरोबर परत आणि नवा इथे. हे मला सुचलं नसतं. मी एकाच टाकाच्या दोन टोकांना धरून बसले होते. सोनाराचे पैसे तुम्ही लिहिले नाहीत. मीही विचारत नाही, वहीत रेघ मारेन.

पासपोर्टची मला चिंता होती. अनघा म्हणाली, आईने तो दोन वर्षांपूर्वीच काढून कपाटात ठेवलाय, देवांच्या डब्याखाली. कशासाठी काढला होता ते तिने सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.

तुम्ही विचारलंत, तो खुरांचा अजून घरात आहे का. आहे. डाळ राखतो. म्युझियममधली एक गोष्ट मागच्या पत्रात राहून गेली. हे पहारेकरी कधी एकटे नसत, जोडीने बसवत. एक सिंहाच्या तोंडाचा आणि एक माणसाच्या तोंडाचा. दोघांची तोंडं दाराकडे, म्हणून शेजारी बसून एकमेकांकडे कधी बघायचे नाहीत. मी सारंगला म्हटलं, माझी आणि वहिनींची गत. तो म्हणाला, "सिंहाचं तोंड कोणाचं?" मी म्हटलं, मोठ्या येतील तेव्हा त्यांनाच विचार. तर ते ठरवून या.

आता प्रवासाचं. अनघा बरोबर आहे म्हणून ऐकायचं सगळं तिचं. स्वेटर वरच ठेवा, विमानात गारठा असतो. लोणचं आणू नका, तेल सुटतं आणि तिथे उघडायला लावतात. देवांचा डबा मात्र मोठ्या सामानात टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. तपासणीच्या यंत्रात घालायला सांगतील. घाला, त्याला काही होत नाही. हिरण्यकश्यपूसमोर खांबातून बाहेर आला, त्याला त्या पट्ट्याचं काय. कोणी उघडून पाहिलं आणि विचारलं, हे काय, तर सांगा, घरचं माणूस आहे.

विमान सुटताना बाई येऊन म्हणेल, पिशवी पायाखाली ठेवा. तेवढं ऐकू नका. डबा बाहेर काढा आणि पदराखाली मांडीवर घ्या.

देव विमानात बसत नाहीत म्हणालात ना? मग तुमच्या मांडीवर बसू देत.

दार उघडं ठेवते.

तुमची अरुणा